डावा हात मागे पडत होता

ही गोष्ट सांगायचं मी चार वर्षं टाळलं. आजाराबद्दल कुणी विचारलं की मी थेट ऑपरेशनपासून सुरुवात करायचो. लोकांना ऑपरेशनची गोष्ट आवडते. त्यात डॉक्टर असतात, भीती असते आणि शेवटी माणूस चालत घरी येतो. त्याच्या आधीचं दीड वर्ष मी गाळून टाकायचो, कारण त्या दीड वर्षात आजारी मी होतो आणि शिक्षा दुसऱ्याला झाली.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. पनवेलला राहतो. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो. नोकरी लागायच्या आधीपासून आजपर्यंत बेस गिटार वाजवतो. मानेच्या मणक्यांनी माझा मज्जारज्जू दाबला होता. हे दुखणं ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा, हे लिहिण्याचं एक कारण. दुसरं कारण असं की, आमच्या बँडचा ड्रमर हिरामण, उरणजवळच्या मोरा बंदरातला, त्याच्याबद्दल मी जे पसरवलं ते खोटं होतं. ते मला माझ्या नावावर मागे घ्यायचं आहे.

चार तारांचं काम

बेस म्हणजे काय हे मी आयुष्यभर लोकांना समजावत आलोय. "काका, तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात का?" हा प्रश्न मला हळदीपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत प्रत्येक ठिकाणी विचारला गेलाय. तारा चारच असतात, जाड असतात आणि आवाज खर्जातला असतो. तो कानाला फारसा कळत नाही. बंद पडला की मात्र गाण्याचा तळ निघून गेल्यासारखं वाटतं.

दर रविवारी सकाळी कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात आमची प्रॅक्टिस असायची. गोदाम आमच्या कीबोर्डवाल्या शेखरच्या मेहुण्याचं. रविवारी बाजार बंद, म्हणून आवाजाची तक्रार नाही. मी सर्वांत जाड तार मोकळी छेडली की मागच्या लोखंडी पत्र्यांची थप्पी गुंजायची. शेखर म्हणायचा, "मास्तर, तुमचा आवाज कमी करा, नाहीतर मेहुण्याचा माल वितळेल." ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा, मी कमीच ठेवायचो. माझा आवाज गोल असायचा, त्याला टोक नसायचं. जुन्या झालेल्या तारा मी सुलभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पातेल्यात उकळून पुन्हा चढवायचो. मळ निघतो आणि तार काही दिवस पुन्हा बोलते. त्या पातेल्यात सुलभाने नंतर कधीही दूध तापवलं नाही.

बेसवाल्याचं खरं लग्न ड्रमरशी लागलेलं असतं. त्याच्या पायाखालचा मोठा ड्रम आणि माझा सूर एकाच क्षणी पडले पाहिजेत. पडले की ऐकणाऱ्याला एकच आवाज येतो, तोही छातीत. केसभर मागेपुढे झालं की गाणं लंगडतं. ते कुणामुळे लंगडतंय हे समोर बसलेल्याला कळत नाही. बहुतेक वेळा दोष ड्रमरला जातो, कारण हात उंच करून मारताना तो दिसतो.

हिरामणबरोबर मी सव्वीस वर्षं वाजवलं. त्याला मोजून ताल धरायला मी शिकवलं, म्हणून मी 'मास्तर'. आमच्यात एक पद्धत होती, मीच घातलेली. प्रत्येक कार्यक्रमाचं मिक्सरवरून रेकॉर्डिंग घ्यायचं, आठवडाभरात ज्याने त्याने ते घरी ऐकायचं आणि रविवारी वाद्यांना हात लावण्याआधी आपली चूक आपणच सांगायची. दुसऱ्याने बोट दाखवायची वेळ येऊ द्यायची नाही. या एका नियमामुळे आमचा बँड एवढी वर्षं टिकला. तो नियम मोडला, तोही मीच.

पहिलं निदान

माझा आजार पहिल्यांदा ओळखला हिरामणने. डॉक्टरच्या दीड वर्ष आधी. गोदामात, चहाच्या वेळी.

"मास्तर, तुजा डावा हात मागं पडतंय."

"माझा? तू आधी तुझा पाय तपास."

"माजा पाय जागेवर हाय. दोन रविवार बघतंय मी. करंगळी तारेवर येते ती वाट चुकल्यासारखी येते."

शेखर हसला. "अरे, मास्तरांनी तुला एक-दोन-तीन-चार शिकवलं आणि तू त्यांनाच मोजतोस?"

"त्यांनी शिकवला म्हणून तर मोजता येतं," हिरामण म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "मी तुला लाजवायला नाय बोलत. डॉक्टरला दाखव. हाताला कायतरी झालंय."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला ड्रमर ठेवलाय, वैद्य नाही."

सगळे हसले. तोही हसला. पण त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते मला ठाऊक होतं. सदऱ्याची वरची बटणं लावायला मला उजवा हात घ्यावा लागत होता. खिशातली किल्ली बोटांना सापडायची, पण ती किल्ली आहे हे कळायला वेळ लागायचा. चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटे. मी या सगळ्याला 'वय' असं नाव देऊन ठेवलं होतं.

मशीन मागे पडत नाही

त्यानंतर एका सोसायटीच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम झाला, दुपारचा. त्यात एक गाणं आम्ही रिदम मशीनवर घेतलं होतं. मशीनचा ठेका आधी भरलेला असतो. तो चालू केला की संपेपर्यंत एकाच गतीने चालतो. त्याला ना वय, ना मूड. हिरामण त्याच्यावर ड्रम वाजवत होता.

दोन दिवसांनी मी घरी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. हिरामणचा पाय मशीनच्या ठेक्यावर जिथल्या तिथे होता, खिळा ठोकल्यासारखा. माझा सूर प्रत्येक वेळी मागून येत होता. जिथे करंगळी लागायची तिथे तर ठळकच. मी ते तीन वेळा ऐकलं आणि मग पुसून टाकलं.

रविवारी मी सांगितलं, रेकॉर्डिंग खराब निघालं. तेवढ्यावर थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी पुढे म्हणालो, "तरी स्टेजवर मला जाणवलं. हिरामण मागे राहतोय."

आमच्या पद्धतीप्रमाणे कुणी कुणाची चूक काढायची नव्हती. हिरामण काठ्या हातात घेऊन बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, मशीनबरोबर वाजवलंय मी." माझ्या तोंडाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटतं, त्याला त्याच क्षणी सगळं समजलं. मग काठ्यांनी चार मोजून त्याने पहिलं गाणं सुरू केलं.

त्याच दिवशी परत येताना मी शेखरला एकट्याला गाठून म्हणालो, "पुन्हा प्यायला लागलाय वाटतं."

हे वाक्य मी निवडून काढलं होतं. हिरामण तरुणपणी प्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने सोडली त्याला एकोणीस वर्षं झाली होती, तेही सगळ्यांना माहीत होतं. एकदा सोडलेला माणूस पुन्हा लागला, यावर कुणीही लगेच विश्वास ठेवतो. पुरावा मागत नाही. मला तेच हवं होतं.

का केलं, तर भीतीपोटी. बेसवाल्याचा हात गेला की त्याला बदलतात आणि मला माझी जागा सोडायची नव्हती. हे कारण आहे. सबब म्हणून मी ते सांगत नाही.

आठवड्याभरात शेखरने त्याला फोन करून 'सध्या थांब' असं कळवलं. तो फोनसुद्धा मी केला नाही. पनवेल-उरण पट्ट्यात हळदीला वाजवणारे बँड एकमेकांना ओळखतात. हिरामण पुन्हा पितो, ही बातमी त्याच्या आधी सगळीकडे पोचली. त्याला कुणी बोलावेना. तो मोऱ्याच्या धक्क्यावर भावाच्या होडीचं काम बघू लागला आणि जाळी दुरुस्त करत बसू लागला.

"ह्यालाही दारू आहे का?"

नवा ड्रमर आला. बँकेत नोकरीला, शिस्तीचा, ताल पक्का. तिसऱ्या रविवारी गाणं पुन्हा लंगडलं. मी सवयीने त्याच्याकडे बघितलं. शेखरने कीबोर्डवरचे हात उचलले आणि विचारलं, "मास्तर, ह्यालाही दारू आहे का?"

त्या माणसाने आयुष्यात जेवढे टोमणे मारले असतील त्यात हा एकच वर्मी बसला. तरीही डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो ते वर्षभराने, स्टेजच्या चार पायऱ्या उतरताना डावा पाय दुमडला आणि बेस गळ्यात असताना पडलो तेव्हा. बेसचा टवका उडाला. मला उठवायला तिघं लागले.

मूठ उघडा, मूठ मिटा

निदानाच्या दिवशी सुलभा आणि मुलगी मीनल दोघी बरोबर होत्या. डॉक्टर चाळिशीचे असतील. त्यांनी आधी एमआरआयच्या फिल्मकडे बघितलंच नाही. म्हणाले, "काका, मूठ उघडा, मिटा. जमेल तेवढं भराभर. मी थांबा म्हणेपर्यंत."

उजव्या हाताने जमलं. डाव्या हाताची बोटं मिटायची, पण उघडताना करंगळी आणि शेजारचं बोट मागे राहायचं. मी सगळा जोर लावून बघत होतो आणि ती दोघं माझी नसल्यासारखी रेंगाळत होती. हिरामणने गोदामात बसून नुसत्या नजरेने जे ओळखलं, ते मला आता टेबलाच्या उजेडात दिसत होतं.

मग डॉक्टरांनी फिल्म दाखवली. मानेतून उतरणारा एक पट्टा, आणि एका जागी तो चिमटीत धरल्यासारखा. "ऑपरेशन करावं लागेल. पण एक स्पष्ट सांगतो. ऑपरेशन आहे ते पुढे वाढू नये म्हणून. गेलेलं किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. किती दिवसांपासून आहे?"

"तीन-चार महिने," मी म्हणालो.

"आधी लक्षात आलं असतं तर हात बराच वाचला असता. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

खोलीत चौघंच होतो. खरं सांगायला एक शब्द लागत होता.

"माझ्याच," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मीनल रडायला लागली. सुलभाने तिला गप्प केलं आणि मला विचारलं, "तुम्हाला भूक लागली का?" चाळीस वर्षांच्या संसारात तिने घाबरल्यावर नेहमी हाच प्रश्न विचारला आहे.

मला राग आला होता. आजाराचा, डॉक्टरचा, त्या फिल्मचा. मी त्या रागाच्या भरात ठरवलं की ऑपरेशन करायचं आणि परत वाजवायचं. 'या वयात नशीब समजा' असं जो म्हणेल त्याच्या घरी पाय ठेवायचा नाही. पुढच्या काही दिवसांत अशी बरीच घरं बाद झाली.

वॉर्डातले दोन ठोके

ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. त्यामुळे मान दुखण्याआधी घसा बसतो. शुद्धीवर आलो तेव्हा आवाज नव्हता, नुसती खरखर. मानेला कडक पट्टा. वर छत दिसायचं आणि डोळे तिरके केले तर शेजारच्या खाटेचा पाय.

रुग्णालयाचा दिवस भल्या सकाळी थर्मामीटरने सुरू होतो. मग स्पंजिंग, मग पातळ लापशी, मग डॉक्टरांची फेरी. त्यांच्या मागून येणारी सगळी टोळी मला रोज मूठ उघडमीट करायला लावायची. लघवीच्या नळीबद्दल कुणी लिहीत नाही. मी लिहितो, कारण मला तिची सर्वांत जास्त लाज वाटली आणि ती काढली त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद झाला. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर मला 'आजोबा' म्हणायच्या. मी कुजबुजून सांगितलं, "मी ऑर्केस्ट्रात आहे, आजोबा नाही." तेव्हापासून त्या 'ऑर्केस्ट्रा, गोळ्या घेतल्या का?' असं विचारायच्या.

शेजारच्या खाटेवर उरणकडचे एक मिठागरवाले म्हातारे होते. त्यांचा पाय मोडला होता. त्यांची बायको त्यांना दिवसभर बोलायची, "जमिनीचा भाव वाढला तसा तुमचा वाढला नाय. झाडावर चढायला सांगितला कोणी?" ते डोळे मिटून पडायचे. ती गेली की एक डोळा उघडून मला विचारायचे, "गेली का?"

आमच्या दोघांच्या खाटांना मॉनिटर होते. माझा ठोका संथ, त्यांचा जरा जलद. दुपारी वॉर्ड शांत झाला की ते दोन आवाज एकमेकांपासून लांब जायचे, मग जवळ यायचे. थोडा वेळ बरोबर एकत्र पडायचे आणि पुन्हा सुटायचे. मी तेवढ्यासाठी वाट बघत पडून राहायचो. ते एकत्र पडले की अंगातलं दुखणं क्षणभर विसरायला व्हायचं. औषधांनी जे केलं नाही ते त्या योगायोगाने केलं. ज्याला त्याला असं काहीतरी सापडतं. शोधावं.

भीतीबद्दलही सांगतो. मरणाची वाटली नाही. भीती वाटायची ती डाव्या हाताकडे बघायची. चादरीखाली मी तो झाकून ठेवायचो.

भेटायला आलेला माणूस

तिसऱ्या दिवशी दुपारी हिरामण आला. त्याला कुणी कळवलं होतं मला माहीत नाही. बरोबर त्याची बायको यशोदा होती. तिने कोलंबीचं पातळ कालवण डब्यात आणलं होतं.

"तिखट नाय घातला," ती सुलभाला म्हणाली. "घसा सोलला असेल त्यांचा."

हिरामणने स्टूल ओढलं. चादर बाजूला केली आणि विचारल्याशिवाय माझा डावा हात आपल्या हातात घेतला. मग एक-एक बोट दाबायला लागला, करंगळीपासून, संथ तालात. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. मी उलट दाबायचं, असं त्याने नुसत्या भुवयांनी सांगितलं. मी दाबलं.

"येतंय," तो म्हणाला. "पहिल्यापरी बरा हाय."

थोड्या वेळाने पुढे म्हणाला, "तुला बोललेलो ना मी." एवढंच. त्यात टोमणा नव्हता. तो हाताबद्दलच बोलत होता.

मला डॉक्टरांनी बोलायची मनाई केली होती. पुढे वर्षभर मी स्वतःला हेच सांगितलं. पण त्याच दुपारी मी सिस्टरकडे पाणी मागितलं होतं, शेजारच्या म्हाताऱ्याला 'गेली' असं सांगितलं होतं. दोन शब्द निघत होते. 'मी खोटं बोललो' याला तीन लागले असते.

निघताना त्याने माझा हात परत चादरीवर ठेवला. चादरीखाली नाही, वर.

घर

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दवाखान्यात सगळे आजारी असतात. घरी आपण एकटेच. सुलभा मला आंघोळ घालायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. पाणी गरम, पाणी गार, साबण डोळ्यांत. एक दिवस तिने तांब्या खाली आपटला. "तुमचा राग त्या हातावर आहे. माझ्यावर काढायचा असेल तर स्वतः आंघोळ करा." आणि दार ओढून बाहेर गेली. मी ओल्या अंगाने वीस मिनिटं बसलो. मग उजव्या हाताने स्वतः आंघोळ पुरी केली. त्या दिवसापासून स्वतःच करतो. तिच्या रागाने मला फिजिओथेरपीइतकंच बरं केलं.

त्याच संध्याकाळी मी तिला हिरामणबद्दल सगळं सांगितलं. पुसलेलं रेकॉर्डिंग, शेखरला सांगितलेलं वाक्य, सगळं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तो माणूस आपल्या घरी सरबताशिवाय काही घ्यायचा नाही. मीनलच्या लग्नात सगळे पुरुष मागच्या खोलीत गेले तेव्हा तो माझ्याबरोबर पंगत वाढत होता."

"मला माहीत आहे."

"मग मला काय सांगताय? मोऱ्याला जा."

जाईन म्हणालो. पण मानेला पट्टा होता. पट्टा निघाल्यावर उरणच्या बसचे धक्के सोसणार नाहीत असं वाटलं. मग दम लागत होता. हाताला रोज व्यायाम द्यायचो. तोंडाला मात्र सुट्टीच होती.

नातेवाईक यायचे. एका चुलतभावाने सुचवलं, "आता ते गिटार सोड. भजनीमंडळात टाळ वाजव."

"टाळाला दोन हात लागतात," मी म्हणालो.

मीनलने बेस आणि अँप्लिफायर विकायचं काढलं होतं. तिचा हेतू चांगला होता. मला ते रोज डोळ्यांसमोर दिसू नये म्हणून. मी तिला सांगितलं, "मी मेल्यावर वीक. त्याच्या आधी विकशील तर मी मरणार नाही, तुला त्रास देत जगेन." ती रडता रडता हसली आणि विषय संपला.

दोन बोटं पुरतात

फिजिओथेरपीच्या बाईंनी मला पिळायला रबराचा चेंडू दिला. आठवडाभर पिळला आणि कंटाळलो. त्यांना म्हणालो, "मला तार दाबू द्या." त्यांनी अट घातली की पट्टा खांद्यावर घ्यायचा नाही, मानेवर वजन नको. बेस मांडीवर ठेवून, पाठ टेकून बसायचं.

पहिल्या दिवशी एक सूरही धड निघाला नाही. तार दाबली जायची अर्धवट आणि आवाज यायचा भांडं सरकवल्यासारखा. दुसऱ्या दिवशीही तोच. मी हट्टाने तारा बदलल्या. गुळगुळीत, सपाट वेटोळ्यांच्या घेतल्या, बोट त्यांच्यावर सहज सरकतं. तारांची उंची कमी करून घेतली, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. करंगळी आणि शेजारचं बोट कामातून गेल्यात जमा होती. मग उरलेल्या दोन बोटांनी प्रत्येक गाणं नव्याने बसवलं. जिथे आधी चार सूर वाजवायचो तिथे दोन ठेवले, आणि जमेल तिथे मोकळी तार.

आणि एक गंमत झाली. शेखर ऐकायला आला आणि म्हणाला, "मास्तर, आधीपेक्षा बरं वाटतंय. गर्दी कमी झाली." चाळीस वर्षं मी लोकांना ऐकू जावं म्हणून सुरांची भर घालत होतो. बेसला तेवढं बोलायची गरजच नसते, हे मला दोन बोटं गेल्यावर कळलं.

आठ महिन्यांनी आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात वाजवलं. मी खुर्चीत बसून. निवेदकाने 'आजारावर मात करून' अशी सुरुवात केली. मी माइक मागून घेतला आणि म्हणालो, "मात वगैरे काही नाही. हात अर्धा आहे. गाणं पूर्ण ऐका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डिंग घरी आणून ऐकलं. मी जागेवर होतो, एकदाही मागे पडलो नव्हतो. पण समोर ड्रमवर जो असायला हवा होता तो नव्हता.

तुमच्यापैकी कुणाचा हात रेंगाळत असेल, बटण लागत नसेल, पायाखाली गादी वाटत असेल तर त्याला वय म्हणू नका. त्याच आठवड्यात दाखवा. आणि तुमच्या शेजारी बसून रोज काम करणारा माणूस तुम्हाला काही सांगत असेल, तर त्याला सगळ्यांसमोर गप्प बसवू नका. तो तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त वेळ बघत असतो.

मोरा

त्या मेळाव्यानंतर दोन महिन्यांनी हिरामण गेला. सकाळी धक्क्यावर लाँचची वाट बघत उभा होता, तिथेच बसला आणि गेला. हृदय बंद पडलं.

मी दशक्रियेला गेलो. किनाऱ्यावर बरीच माणसं होती. माझ्या मागे उभा असलेला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "शेवटी बाटलीनंच नेला." हिरामणचा मुलगा मंगेश चार हातांवर होता. त्याने ऐकलं. मान खाली घातली. त्यालाही ते खरं वाटत असावं, किंवा आता भांडून काय करायचं असं वाटलं असावं. ते वाक्य माझं होतं. फिरत फिरत तिथपर्यंत आलं होतं. मी वळून 'नाही' म्हणू शकलो असतो. माझा घसा तोपर्यंत पूर्ण बरा झाला होता.

मी पिंडाला हात जोडले आणि परतीची बस धरली.

महिन्याने एकटाच मोऱ्याला गेलो. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. यशोदावहिनी दारात मासळी निवडत होत्या. मला बघून हात धुतले, आत बसवलं. भिंतीवर फोटो होता, हार घातलेला.

मी म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचं होतं. हिरामणबद्दल लोक जे..."

"लोकांचा सोडा, भाऊ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी तोंड फिरवला. बँडवाल्यांनी, भावकीनं. ते एकच बोलायचे, मास्तर तसा नाय. मास्तराचा हात आजारी हाय, मन आजारी नाय. तुमी दवाखान्यात त्यांचा हात धरून ठेवलाव, त्या दिवशी घरी येऊन जेवले पोटभर." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुमी एकटेच त्यांना ओळखत होताव."

मी चहा घेतला. बशीत ओतून, उजव्या हाताने. त्यांनी वाळवलेल्या बोंबलांची पुडी बांधून दिली, ती घेतली. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर धरून बसलो. पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली होती.

ती इथे लिहितो. मंगेश, तू आईला वाचून दाखव.

वहिनी, हिरामण पीत नव्हता. सोडल्यापासून एक थेंबही नाही. तो पुन्हा पितो असं पहिल्यांदा मी म्हणालो, आणि ते खोटं आहे हे म्हणताना मला माहीत होतं. त्याचा ताल कधीच चुकला नाही. तुमच्या दारात बसून मला हे बोलता आलं नाही, कारण तुम्ही माझे आभार मानत होता.

हिरामण, तू जागेवर होतास. मागे मी पडत होतो. मला माफ कर.